कोंबडीला रुसायची जागा

ज्या माणसानं पाच कोंबड्या आणि एक कोंबडा 'फक्त पावसाळ्यापुरता' म्हणून माझ्या न्हाणीत आणून ठेवला, त्याला लोक देवमाणूस म्हणतात तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. म्हणोत बापडे. त्यांनी त्या न्हाणीत आंघोळ केलेली नाही. बादलीच्या काठावर कोंबडा बसलाय, एका डोळ्यानं आपल्याकडे बघतोय, आणि आपण डोळ्यांत साबण गेलेल्या अवस्थेत त्याला हुसकावतोय, हे ज्याच्या नशिबी आलं त्यानंच काकाजींविषयी बोलावं.

काकाजी म्हणजे केशोरीतले माझे घरमालक. तिथल्या शाळेत माझी नेमणूक झाली आणि त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या. खोल्यांचं दार सांदवाडीत उघडायचं. घरामागच्या मोकळ्या जागेला इकडे सांदवाडी म्हणतात. तिथे विहीर, शेवग्याचं झाड, वालाचा मांडव, धानाच्या तणसाचा ढीग असं सगळं नांदत होतं. त्यात कोंबड्यांसाठी एक खुराडं बांधायचं, एवढं एकच काम निवृत्तीनंतर काकाजींनी अंगावर घेतलं होतं. मी राहायला गेले तेव्हा ते काम चालू होतं. मी ती जागा सोडली तेव्हाही चालूच होतं.

खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी माझं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, नवरा कुठे असतो तेही विचारलं नाही. या तिन्हींची उत्तरं मी एसटीत घोटून आले होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमचं सांडपानी किती निंगन?"

मी म्हटलं, "एकटीच आहे. असं किती निघणार?"

"तसं नोका सांगू. बादल्या सांगा."

मी बादल्या सांगितल्या. ते उठले, न्हाणीच्या मोरीपाशी उकिडवे बसले, एक लोटा पाणी ओतलं आणि ते कुठे कुठे जातं ते बघत राहिले. मीही उभी राहिले, काय करणार? पाणी वळत वळत वालाच्या मांडवाखाली पोचलं तेव्हा म्हणाले, "राहा."

पाणी हा त्यांचा धर्म होता. त्यांच्या पणजोबांनी गावचा तलाव बांधलेला. इंजिनिअर नाही, नकाशा नाही, नुसत्या नजरेनं. "माह्या पणज्यानं पयले पानी पाह्यलं. लय पावसाळे नुसतं पाह्यलं. मंग पार टाकली," असं ते सांगत. पार म्हणजे तलावाची पाळ. स्वतः काकाजींनी सगळी नोकरी इटियाडोह धरणाच्या कालव्यावर काढली. फाटक किती उचलायचं, कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी पाणी सोडायचं, हे त्यांच्या हातात. त्या कामातली त्यांची कीर्ती खरी होती, तेवढं मी मान्य करते. कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या माणसाच्या धानाला पाणी पोचल्याशिवाय ते फाटकावरून हलत नसत. मधल्या बड्या शेतकऱ्यांनी दम दिला, कोणी जेवायला बोलावलं, कोणी शिव्या घातल्या; हे उन्हात उभे. "शेवटचा भिजला का सारे भिजले," हे त्यांचं वाक्य अजूनही तिकडचे लोक सांगतात. पण स्वतःच्या घरात शेवटच्या टोकाला कोण उभं आहे, ते या माणसाला कधी दिसलं नाही.

तिथे काकी उभी होती.

कोंबड्या काकीच्या होत्या. साध्यासुध्या नव्हे, माहेरच्या. तिच्या भावांनी शेताच्या वाटण्या केल्या, घराच्या केल्या, बैलांच्या केल्या, आणि बहिणीला काय द्यायचं हे कोणाला सुचलंच नाही. तेव्हा तिच्या म्हाताऱ्या आईनं ती निघताना डाल्याखालची एक कोंबडी काढून तिच्या हातात दिली. काळी, अंगभर पांढरे टिपके. काकीनं तिचं नाव टिपकी ठेवलं. तिच्या पिलांत जी टिपक्यांची निघेल ती पुढची टिपकी. आई गेली, माहेरचं दार बंद झालं, पण टिपकी चालत आली होती. काकीला त्या कोंबड्यांकडून अंडी हवी होती, हे तर झालंच. पण माहेरची ती ओळ आपल्या हातून तुटू नये, एवढंच तिला खरं तर हवं होतं. आणि तिची मागणी काय, तर चार खुंट, भोवती जाळी, वर कवेलू म्हणजे कौलं, एक दार. तिनं मला बोटांवर मोजून दाखवलं होतं. कोणीही गडी सकाळी लागला तर दुपारच्या जेवणाला हात धुवेल, इतकं काम.

पण तो कोणीही गडी काकाजी नव्हता.

पहिला पावसाळा आला आणि त्यांनी सांदवाडीभर काड्या रोवल्या. प्रत्येक काडीला जुन्या लुगड्याची चिंधी. पाणी कुठे साचतं, कुठून वाहतं, कुठे मुरतं, ते बघायचं होतं. "जागा मी नाही ठरवत. पानी ठरवते." पाणी ठरवत होतं तोपर्यंत आम्हाला सांदवाडीत पाय ठेवायची बंदी. पायांनी चिखल दबतो आणि पाणी वाट बदलतं म्हणे. संडास सांदवाडीच्या पलीकडच्या टोकाला होता. मी भर पावसात छत्री घेऊन, घराला वळसा घालून, रस्त्यावरून, गावच्या देखत तिथे जायची. सरपंच एकदा 'नमस्कार मॅडम' म्हणाले. त्या नमस्काराचा राग मी सरपंचांवर न काढता काकाजींच्या खात्यात टाकला.

आणि कोंबड्या ओल्या होतात म्हणून माझ्या न्हाणीत. मला विचारलं नाही, सांगितलं. "फक्त पावसाळ्यापुरता, मॅडम." काकी मागे उभी होती, पदर तोंडाशी धरून, डोळ्यांनी माफी मागत. तिच्याकडे बघून मी हो म्हटलं.

पाण्यानं जागा ठरवली ती शेवग्याच्या बाजूची. आता बांधा म्हणावं, तर मापाचा प्रश्न निघाला. काकी म्हणाली, पाच कोंबड्या अन एक कोंबडा. काकाजी हसले. त्यांचं ते हसणं मला अजून आठवतं. समोरच्याची कीव आल्यासारखं हसायचे. "तलाव काय आजच्या पावसासाठी बांधते का व? येनाऱ्या पुरासाठी बांधते." मग त्यांनी हिशेब मांडला. एक कोंबडी वर्षातून किती वेळा खुडूक बसते, किती पिलं निघतात, त्यातली घार किती नेते, रोगानं किती मरतात, उरलेल्यांच्या पोरी किती आणि पोरींच्या पोरी किती. खुराडं वाढत वाढत माझ्या खोलीएवढं झालं. मग इतक्या कोंबड्यांची घाण झाडायची कशी, तर मधे चालायची वाट हवी. वाट आली म्हणजे माणूस आला. माणूस आला म्हणजे उंची आली. "वाकून झाडनारा अर्धंच झाडते," ते म्हणाले. मग काकीला भिंतीला पाठ टेकून उभी केली आणि तिच्या डोक्यावर कोळशानं रेघ ओढली.

"झालं का जी?" काकी भिंतीला चिकटल्या चिकटल्या म्हणाली. "भात खाली लागून राहिला."

"हालू नोको. अंबाडा धरून मोजू का सोडून?"

त्याच भिंतीवर कोंबड्यांचीही मापं होती. एकेक कोंबडी धरून, पंख पसरवून, कोळशानं रेघा. बसायची काठी किती उंच, दोन काठ्यांत अंतर किती, अंडी घालायची खोकी कुठल्या तोंडाची, हे सगळं त्यांनी दिवसेंदिवस कोंबड्यांच्या मागे फिरून ठरवलं. खोकी अंधारात हवीत, कारण अंडं घालताना कोणी पाहिलेलं कोंबडीला आवडत नाही. जाळी जमिनीत खोल पुरायला हवी, कारण खणणारं जनावर खालून येतं. वारा वरून यावा, अंगावर येऊ नये. मधे मधे मला पटायचंदेखील, आणि पटलं की जास्त चीड यायची. कारण ज्या कोंबड्यांसाठी हे चाललं होतं त्या माझ्या तांब्यात पाणी पीत होत्या.

एका दुपारी ते माझ्या दाराशी आले आणि फार मोठा शोध लागल्यासारखं म्हणाले, "मॅडम, एक गोष्ट राहूनच गेली होती. कोंबडीले बसाले जागा पायजे, फिराले जागा पायजे, अन रुसाले जागा पायजे."

"काय?"

"रुसाले. दुसरी टोचते, कोंबडा तिच्याकडं पाहात नाही, मंग ते बाजूले जाऊन बसते. तवा ते कोनाले दिसली नाही पायजे. नाही तं अंडं देत नाही. तिथं एक अर्धी भित टाकतो मी. कोपरा करतो."

काकी विहिरीवर भांडी घासत होती. मी मुद्दाम तिला ऐकू जाईल असं विचारलं, "आणि काकीला रुसायची जागा कुठे आहे हो या घरात?"

काकाजींनी प्रामाणिकपणे विचार केला. टोमणा कळला नाही, एवढे ते सरळ होते. मग म्हणाले, "ते कायले रुसन?"

काकी हसली. मला त्या हसण्याचाही राग आला होता, खरं सांगते.

धानाची कापणी झाल्यावर मिस्त्री आला, गोंदियाचा, हिंदी बोलणारा. काकाजींनी त्याला पाया खणायला सांगितला, थांबवला, दोरी हलवली, परत खणायला सांगितला. नळीत पाणी भरून उतार तपासला. धुतलेलं पाणी बाहेर पडायला त्यांना तलावासारखा सांडवा हवा होता. मिस्त्रीनं दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी थापी धुतली, पिशवीत टाकली आणि सायकलवर बसता बसता म्हणाला, "काकाजी, ये मुर्गी का घर है के बांध है? पहले फैसला कर लो, फिर मेरे को फोन करना."

काकाजी अजिबात चिडले नाहीत. त्यांना राग येत नसे, हा आणखी एक त्यांचा भयंकर गुण. त्यामुळे आपला राग तिथल्या तिथे परत येऊन आपल्यालाच लागायचा. ते एवढंच म्हणाले, "घाई केली का पार फुटते."

हे त्यांचं दुसरं वाक्य. दुधाला विरजण लावण्यापासून तापाच्या गोळीपर्यंत ते सगळीकडे वापरायचे. घाई केली का पार फुटते. त्या गावात फुटलेली पार मी एकही पाहिली नाही. पण होळीच्या सुमारास एका सकाळी काकीचा ओरडण्याचा आवाज आला आणि मी धावत बाहेर गेले.

टिपकी अंड्यांवर बसली होती. खुडूक कोंबडीला शांतता लागते, म्हणून तिनं न्हाणी सोडून सरपणाच्या छपरीत एका जुन्या टोपलीत जागा धरली होती. मुंगूस आलं असणार. टोपली कलंडलेली, अंडी फुटलेली, आणि काळ्यापांढऱ्या पिसांचा एक माग छपरीपासून कुंपणापर्यंत गेलेला. काकी खाली बसून पिसं गोळा करत होती. पिसं गोळा करून काय करणार होती, ते तिलाही ठाऊक नसावं.

काकाजी आले. त्यांनी बघितलं. मला वाटलं आता हा माणूस कोसळेल, निदान काकीच्या खांद्यावर हात ठेवेल. ते आत गेले, चुलीतली राख सुपात घेऊन आले आणि कुंपणाच्या कडेनं पसरू लागले. मग दुसऱ्या सकाळी राखेवर उमटलेली पावलं उकिडवं बसून बघितली आणि काकीला म्हणाले, "हे पाहा. इकडून येऊन राहिलं ते. बरं झालं कळलं. म्हंजे दार इकडं नाही पायजे. सारं फिरवा लागन. जागा बी पलीकडं सरकन. एक पावसाळा अजून पाहू."

बरं झालं कळलं! मी तोंड सोडलं. शाळेत पोरांवर कधी एवढी ओरडले नसेन. मी म्हटलं, तुमच्या भिंतीवर मेलेल्या कोंबडीचं माप अजून आहे, ते आधी पुसा. मी म्हटलं, पंधरा वर्षांनी होणाऱ्या कोंबड्यांची सोय करताय आणि आज आहे ती गेली. मी बरंच काही म्हटलं. ते ऐकत राहिले, मान हलवत, एखाद्या शेतकऱ्याची पाण्याची तक्रार ऐकावी तसे.

मग काकी बोलली. हळू आवाजात, पिसांची मूठ न सोडता.

"तुमच्या पणज्याचा तलाव होईस्तोवर लोकं काय तहानले राह्यले का जी? झिरा खंदून पानी पेले न? तलाव होवो बापा कवाबी. माह्या कोंबड्यायचा झिरा कुठी हाये, तेवढं सांगा."

नदीच्या रेतीत हातभर खड्डा करून पाझरणारं पाणी घेतात, त्याला झिरा म्हणतात. यापेक्षा सोपं आणि यापेक्षा खरं कोणी कोणाला काय सांगणार? मला वाटलं, काकाजींना लागलं. संध्याकाळी बघते तर ते नवीन जागेवर चिंध्यांच्या काड्या रोवत होते.

झिरा म्हणजे माझी न्हाणीच. दुसरा पावसाळाही कोंबड्यांनी माझ्यासोबत काढला. तोवर टिपकीच्या आधीच्या पिलांतली एक तलंग मोठी झाली होती, तशीच काळी, तशीच टिपक्यांची. काकी तिला संध्याकाळी पदराखाली घेऊन यायची, न्हाणीचं दार स्वतः लावायची आणि दोनदा ओढून बघायची. बाकीच्यांतल्या काही गेल्या. एक कुत्र्यानं नेली, एक नुसतीच दिसेनाशी झाली. प्रत्येक वेळी काकाजींना काहीतरी नवीन कळायचं आणि नकाशा बदलायचा.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली बिरसीकडच्या शाळेत झाली. जायच्या सकाळी काकी डालं घेऊन आली. वर फडकं बांधलेलं. आत उरलेले सगळे: नवी टिपकी, एक तांबडी कोंबडी आणि एक कोंबडा.

"तुमी घेऊन जा, मॅडम. इथं राह्यल्या तं नाही वाचत."

"काकाजींना सांगितलंत?"

तिनं सांदवाडीकडे बघितलं. काकाजी पाण्यानं भरलेली नळी हातात धरून, एक डोळा मिटून, उतार बघत होते. "सांगून का करू?" ती म्हणाली. तिनं फडक्यावरून हात फिरवला, आणि मग एकदम घरात निघून गेली. मी डालं उचलून काकाजींच्या समोरून गेले. आतून कोंबडा ओरडला. ते म्हणाले, "सुखानं जा, मॅडम. पानी उकळून पेजा." नळीवरची नजर काढली नाही.

बिरसीला मी पहिल्याच रविवारी खुराडं केलं. एक मोडकी खाट, आजूबाजूला जाळी, वर टिनाचा पत्रा, दाराला जुनी फळी. संध्याकाळी कोंबड्या आत गेल्या आणि मी फळी लावली. इतकं साधं होतं ते! मला आनंद व्हायच्या ऐवजी रडू आलं, इतका संताप झाला. तिथे विमानतळ आहे, वैमानिक शिकणाऱ्या पोरांची लहान विमानं दिवसभर डोक्यावर घिरट्या घालतात. सुरुवातीला सावली सरकली की कोंबड्यांना घार वाटायची आणि तिघंही खाटेखाली. हळूहळू सवय झाली. टिपकी खुडूक बसली, पिलं निघाली, पुन्हा बसली. पिलांत टिपक्यांच्या तीन निघाल्या. मी काकीला फोनवर सांगितलं तेव्हा तिनं तिघींचे टिपके कसे आहेत ते एकेकीचं विचारून घेतलं.

दिवाळी झाली आणि एका दुपारी फाटकात काकाजी उभे. हातात रिकामं डालं. केशोरीहून दोन एसट्या बदलून आलेले, अंगावर इस्त्रीचा सदरा.

"झालं, मॅडम," ते म्हणाले. चेहरा नुसता फुललेला. "खुराडं झालं."

"कोंबड्या नाहीत हे कधी कळलं?"

त्यांनी मान खाली घातली. खुराडं झाल्यावर, दार उघडून, त्यांनी काकीला हाक मारली होती की आता कोंबड्या आण. तेव्हा काकीनं सांगितलं. म्हणजे उन्हाळा, अख्खा पावसाळा, दसरा, दिवाळी. इतके दिवस हा माणूस सकाळपासून कोंबड्यांच्या घराचं काम करत होता आणि कोंबड्याच नाहीत हे त्याला दिसलं नव्हतं. कोंबडा आरवत नव्हता, ते ऐकू आलं नव्हतं. "मले वाटलं न्हाणीत असन," ते म्हणाले. न्हाणीला मी कुलूप लावून आले होते.

मग मी त्यांना अंगणात उभं ठेवून, पाणीसुद्धा न देता, दोन वर्षांचं सगळं बोलले. माझं संपल्यावर ते पायरीवर बसले, रिकामं डालं मांडीवर घेऊन.

"लोकं म्हणते, तलाववाल्याच्या घरचा. मी काय बांधलं, मॅडम? दुसऱ्यायनं बांधलेल्या कालव्याचं फाटक वर केलं अन खाली केलं. साऱ्या जिंदगीत माह्या हातानं उभं झालेलं काईच नाही. हे एक होतं. तेई फुटलं असतं तं?"

"काकाजी, खुराडं पडलं तर पुन्हा उभं करता येतं. कोंबडी नाही करता येत."

"हो," ते म्हणाले. "तिनंबी तेच म्हटलं."

मला त्यांची दया आली, आणि दया आल्याचा आणखीच राग आला. तेवढ्यात वरून विमान गेलं, पिलं पळाली, आणि काकाजींची नजर माझ्या खाटेच्या खुराड्यावर गेली. उठून त्यांनी एक खुंट हलवून पाहिला. "मॅडम, हे पडन," ते म्हणाले. त्या क्षणी माझ्या हातात तेच डालं असतं तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

कोंबड्या मी त्यांच्या हातात दिल्या नाहीत. म्हटलं, काकीच्या कोंबड्या काकीच्या हातात देईन. पुढच्या सुटीत टिपकी, तिच्या दोन टिपक्यांच्या पोरी आणि एक कोंबडा घेऊन मी केशोरीला गेले.

खुराडं सुंदर होतं. हे लिहिताना माझा हात आखडतो, पण होतं. विटांचा चौथरा, जमिनीत पुरलेली जाळी, कवेलूंचं छप्पर, वर वाऱ्याला जागा. बांबूच्या काठ्या चढत्या उंचीच्या, अंधारातली खोकी, खाली धानाच्या कोंड्याचा थर. धुतलेलं पाणी सांडव्यातून थेट वालाच्या मुळाशी. आणि मागच्या बाजूला, अर्ध्या भिंतीआड, एक कोपरा. काकाजी मला एकेक दाखवत होते. काकी डाल्याशेजारी बसून टिपकीच्या पाठीवरून बोटं फिरवत होती, आणि खुराड्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

ऊन उतरलं. काकाजींनी दार उघडलं. कोंबड्या दारापाशी आल्या, आत डोकावल्या आणि मागे फिरल्या. काकाजींनी हुसकावलं, चुचकारलं, दाणे टाकले. कोंबडा शेवग्यावर चढायला लागला. "नवीन हाये म्हनून. सवय व्हा लागते," काकाजी म्हणत होते, पण आवाज पडला होता.

काकी उठली. ओच्यात मूठभर कनकी, तांदळाची कणी, घेतली आणि चालत आत गेली. ती वाकली नाही, तिला वाकावं लागलंच नाही. दार तिच्याच मापाचं होतं. आत जाऊन ती थेट त्या कोपऱ्यात, अर्ध्या भिंतीआड बसली. बाहेरून तिच्या लुगड्याचा काठ तेवढा दिसत होता. टिपकी आत गेली. तिच्यामागे पोरी गेल्या. शेवटी कोंबडाही उतरून गेला.

"गेल्या!" काकाजी म्हणाले. "पाह्यलं का मॅडम? गेल्या. ये आता बाहेर."

लुगड्याचा काठ हलला नाही.

"अवो, ये न. चहा मांड मॅडमले."

आतून कोंबड्या कनकी टिपत असल्याचा आवाज येत होता. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे बघितलं. ते दारापाशी गेले, आत वाकून पाहिलं, मग आत जायला एक पाय उचलला.

"तुमी नोका येऊ," काकी आतून म्हणाली. "एकाच्याच रुसाची जागा हाये हे."

त्यांचा पाय होता तिथेच राहिला. मग त्यांनी तो हळूच मागे घेतला.

"कवावरी बसशीन?" त्यांनी विचारलं. त्या विचारण्यात पहिल्यांदाच मला मापाचा हिशेब ऐकू आला नाही.

"घाई नोका करू. पार फुटन," काकी म्हणाली. "दार लावा, अन बाहेरच बसा. मुंगूस आलं तं सांगजा."

काकाजींनी दार लावलं. कडी पहिल्याच झटक्यात बसली. आणि इस्त्रीच्या सदऱ्यानिशी ते दाराला पाठ लावून मातीत बसले, कुंपणाकडे तोंड करून.